टेबल सॉची जोडटेबलं एका पातळीत कशी आणाल?

वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत फर्निचरचं काम करणारे आणि नालासोपारा-विरारकडे घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मशीन लावलेले वाचक एकच अडचण निरनिराळ्या शब्दांत सांगतात. "स्पिरिट लेव्हल ठेवली, बुडबुडा अगदी मध्ये आहे, तरी शीट मागच्या टेबलाला ठेचते." "पट्टी सात फूट सरळ चिरली जाते आणि शेवटच्या फूटभरात तिरकी पळते. ब्लेड बदलू का?" "बाजूचं टेबल बसवल्यापासून फेन्स सरकवताना अडतं."

ब्लेड बदलायची घाई करू नका. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ जोडटेबलात असतं: बाजूला रुंदी वाढवण्यासाठी जोडलेलं टेबल आणि चिरलेला माल झेलायला मागे ठेवलेलं टेबल. ती नीट बसवायला महागडी उपकरणं लागत नाहीत. अर्धा दिवस आणि खाली दिलेलं सामान पुरतं.

आधी एक गैरसमज दूर करा

पाणसळीत असणं आणि एका पातळीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाळ्याची जमीन धुतल्यावर पाणी वाहून जावं म्हणून तिला बहुतेक वेळा उतार दिलेला असतो. मशीन त्या उतारावर उभी असेल तर तिचं मुख्य टेबलही किंचित कललेलं असणार. त्याने कापावर काहीही फरक पडत नाही. फरक पडतो तो मुख्य टेबल एका बाजूला कललेलं आणि मागचं टेबल तुम्ही बुडबुडा पाहून आडवं केलेलं, असं झाल्यावर. दोन्ही आपापल्या जागी "बरोबर", आणि शीटला मात्र मधे वळावं लागतं.

शिवाय हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी साधी स्पिरिट लेव्हल मीटरला अर्धा-एक मिलिमीटर चूक सहज पोटात घालते. आठ फुटांच्या शीटवर ती चूक दोन मिलिमीटरपर्यंत जाते. म्हणून लेव्हल पेटीत ठेवा. मशीनचं मुख्य टेबल हेच प्रमाण. जमीन, भिंत, बुडबुडा यांपैकी कशालाही ते उत्तर देत नाही. बाकीची सगळी टेबलं त्याला उत्तर देतात.

प्लायच्या फळीखाली हातातली सर्क्युलर सॉ उलटी बसवून तुम्ही काम करत असाल, तर ती फळीच तुमचं मुख्य टेबल. तिला आधी तपासा. ती मध्ये झोळ खात असेल तर खालून लोखंडी अँगल किंवा उभ्या पट्ट्या लावून ताठ करा. झोळ असलेल्या फळीला जोडटेबल जुळवण्यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही.

काय काय लागेल

- ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचा सहा फुटी तुकडा, सरळधारेसाठी
- चांगला गुण्या आणि पोलादी पट्टी
- साधारण ०.४ मिमीची तंगूस. पाचूबंदर किंवा अर्नाळ्याकडे मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळेल
- १८ मिमी प्लायच्या एकाच पट्टीतून कापलेले तीन ठोकळे
- दोन लिटरची पाण्याने भरलेली बाटली
- झेरॉक्सचे कागद, बॅटरी, पाने, थंड पेयाचा रिकामा ॲल्युमिनियमचा डबा

कागद मापासाठी आहे. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. फट किती आहे हे सांगायला "थोडीशी", "केसभर" असे शब्द कामाचे नाहीत. "तीन कागद जातात, चौथा अडकतो" असं सांगता आलं की दुरुस्ती किती करायची ते कळतं. सुताराचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. या कामाला सूत फार मोठं माप आहे. अर्ध्या सुताचा फरकही शीट अडवायला पुरेसा होतो.

ॲल्युमिनियमचा पाइप दुकानातून आणला म्हणजे सरळ असेल असं धरू नका. प्लायवर तो ठेवून बारीक टोकाच्या पेन्सिलीने लांब रेघ मारा. मग पाइप त्या रेघेभोवती पलटून तीच धार रेघेला लावा आणि दुसरी रेघ ओढा. दोन रेघा एकमेकींवर बसल्या तर पाइप सरळ. मध्ये फट दिसली तर पाइपचा खरा बाक त्या फटीच्या निम्मा आहे. दोन कागदांपेक्षा जास्त बाक असलेला पाइप परत करा.

मशीनला हात लावण्याआधी

नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन सॉकेटमधून काढा आणि ती तुमच्या नजरेसमोर राहील अशी ठेवा. आपल्याकडे लाइट जाते आणि येते. बटण चालूच राहिलेलं असेल आणि तुमचा हात ब्लेडजवळ असताना लाइट आली, तर मशीन विचारत नाही. लाइट गेल्यावर आपोआप बंद पडणारा आणि पुन्हा दाबल्याशिवाय सुरू न होणारा स्विच मिळतो, त्याला नो-व्होल्ट स्विच म्हणतात. तुमच्या मशीनवर तो नसेल तर या कामाच्या आधी तो बसवून घ्या, असं मी आग्रहाने सांगेन.

मग दोन झटपट तपासण्या करा. ब्लेडच्या एका दातावर मार्करने खूण करा. तो दात पुढे असताना मायटर गेजच्या खाचेपासूनचं अंतर गुण्याने घ्या, ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे आणा आणि तिथलं अंतर घ्या. दोन्ही सारखी हवीत. फेन्स ब्लेडला समांतर हवं. मागच्या टोकाला एका कागदाइतकं उघडं राहिलं तरी चालेल, पण मिटलेलं नको, कारण मिटलेलं फेन्स माल ब्लेडच्या मागच्या दातांवर दाबतं. हे दोन्ही जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर टेबलाची चूक कुठली आणि ब्लेडची कुठली हे कळणार नाही.

बाजूचं टेबल: इथे सूट नाही

बाजूचं टेबल मुख्य टेबलाशी तंतोतंत सपाट हवं. त्यावरून फेन्स सरकतं. टेबल खाली असेल तर फेन्स कलतं, वर असेल तर अडतं.

पाइप मुख्य टेबलावर आडवा ठेवा, असा की त्याचं टोक बाजूच्या टेबलावर येईल. हे तीन ठिकाणी करा: पुढे, मध्ये, मागे. मागून बॅटरी धरा. जिथून उजेड येतो तिथे कागद घालून मोजा. आकडे खडूने टेबलावरच लिहा. डोक्यात ठेवलेले आकडे तिसऱ्या जागी पोचेपर्यंत मिसळतात.

जोडावरच पायरी असेल तर बोल्ट थोडे सैल करा आणि टेबल रबरी हातोडीने हलकं ठोकून वर-खाली करा. एक बोल्ट कसा, पुन्हा पाइप ठेवा, मग पुढचा बोल्ट. सगळे एकदम कसलेत तर टेबल सरकतं.

जोड सपाट आहे पण बाहेरचं टोक खाली किंवा वर गेलंय, असंही होतं. तेव्हा जोडाच्या फटीत पातळ पत्रा घालावा लागतो. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिमी असतो, कात्रीने कापता येतो आणि गंजत नाही. टोक उचलायचं असेल तर पत्रा बोल्टच्या खालच्या बाजूला घाला, खाली आणायचं असेल तर वरच्या. जोडाची उंची दीड इंच आणि टेबलाची रुंदी फूटभर असेल, तर खालच्या कडेला घातलेला एक पत्रा बाहेरचं टोक पाऊण मिलिमीटरच्या आसपास उचलतो. म्हणून एकावेळी एकच घाला. कागदाची घडी घालून काम भागवू नका. वसईच्या दमट हवेत कागद महिन्याभरात फुगतो, मग दबतो.

मागचं टेबल: इथे मुद्दाम थोडं खाली

मला सर्वांत जास्त चुका इथे दिसतात, आणि अपघातही इथेच होतात. काही वर्षांपूर्वी माझ्या गाळ्यात मागच्या टेबलाची पुढची कड मुख्य टेबलापेक्षा जेमतेम दोन कागद वर होती. कोरडी असती तर शीट कदाचित गेली असती. पावसात किंचित वाकलेली १८ मिमीची शीट होती. तिचं पुढचं टोक त्या कडेला ठेचलं, शीट थांबली, फेन्सपासून सुटली आणि ब्लेडने ती उचलून माझ्या दिशेने फेकली. मी ब्लेडच्या रेषेत उभा नव्हतो म्हणून हे लिहितो आहे. त्या शीटच्या कडेला पडलेली अर्धगोल जळकी खूण मी कापून ठेवली आहे आणि नव्या मुलाला मशीनवर उभं करण्याआधी ती त्याच्या हातात देतो.

मागचं टेबल मुख्य टेबलापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर खाली ठेवा, म्हणजे पाच ते दहा कागद. त्याहून वर नको, कारण माल ठेचतो. दोन-तीन मिलिमीटर खाली असेल तर चिरलेला भाग पुढे झुकतो आणि मागचा भाग ब्लेडवरून उचलला जातो. "शेवटच्या फूटभरात तिरकी पळते" ही तक्रार अनेकदा याचीच असते. मागच्या टेबलाच्या पुढच्या कडेला रंध्याने किंवा राउटरने छोटा उतार काढा, म्हणजे वाकलेलं टोकही त्यावर चढून जाईल. मायटर गेजच्या खाचा त्यावर पुढे वाढवायला विसरू नका. त्या मूळ खाचेपेक्षा एक-दोन मिलिमीटर रुंद असल्या तरी बिघडत नाही.

लांबी किती ठेवायची? ८ × ४ फुटांची १८ मिमी प्लाय ३० किलोच्या पुढे जाते, एमडीएफ ४० किलोच्या आसपास. काप संपतो तेव्हा पूर्ण शीट ब्लेडच्या पलीकडे गेलेली असते आणि तिचं निम्मं वजन चार फुटांच्या पलीकडे असतं. म्हणून ब्लेडच्या मागच्या दातापासून मागच्या टेबलाच्या शेवटापर्यंत चार फुटांहून जास्त आधार हवा. लहान मशीनवर ब्लेडमागे फूटभर टेबल असतं, तेव्हा वेगळं टेबल साडेतीन ते चार फूट ठेवा. तेवढं नसेल तर शीट तोल जाऊन पडणार आणि तुमचा हात नकळत तिला दाबायला ब्लेडवरून पुढे जाणार.

तंगूस ताणून पातळी कशी पाहावी

सहा फुटी पाइप इथे अपुरा पडतो, म्हणून दोरी. साधी सुती दोरी झोळ खाते. ०.४ मिमीची तंगूस आठ फुटांवर ताणून एका टोकाला दोन लिटरची बाटली लटकवली, तर तिचा झोळ अर्ध्या कागदाएवढाच राहतो. म्हणजे ती जवळपास सरळ रेघच आहे.

- मुख्य टेबलाच्या पुढच्या कडेवर एक ठोकळा ठेवा, मागच्या टेबलाच्या शेवटच्या कडेवर दुसरा.
- तंगूस पुढच्या बाजूला खिळ्याला बांधा, दोन्ही ठोकळ्यांवरून न्या आणि मागच्या कडेवरून बाटली लटकवा. बाटली डोलायची थांबू द्या.
- तिसरा ठोकळा मुख्य टेबलाच्या मागच्या कडेवर, तंगुशीखाली हळूच सरकवा.

ठोकळा तंगुशीला नुसता स्पर्श करत असेल तर तिन्ही जागा एका रेषेत आहेत. ठोकळ्यावर फट राहिली तर मागचं टोक वर गेलंय. ठोकळा तंगुशीला वर ढकलत असेल तर मागचं टोक खाली आहे, आणि थोडं खालीच हवंय आपल्याला. मुख्य टेबल दोन फूट आणि मागचं चार फूट असेल, तर मध्ये दिसणारा एका कागदाचा फरक शेवटच्या टोकाला तीन कागदांचा होतो. मध्ये दोन-तीन कागदांएवढा ढकलला जाणं हे तुमचं लक्ष्य. किती ढकलला जातो ते मोजायला दोन्ही टोकांच्या ठोकळ्यांखाली कागद वाढवत जा, तिसरा नुसता स्पर्श करू लागला की थांबा.

हे डाव्या, मधल्या आणि उजव्या रेषेवर तीनदा करा. शेवटचं टोक झालं म्हणून जोडाजवळची कड बरोबर असेल असं नाही. तिथे पाइप ठेवून कागद मोजा.

पीळ पाहायला आणखी सोपी युक्ती आहे. सारख्या उंचीच्या दोन सरळ पट्ट्या घ्या, एकीची वरची कड मार्करने काळी करा. साधी पट्टी मुख्य टेबलाच्या पुढे आडवी उभी करा, काळ्या कडेची मागच्या टेबलाच्या शेवटी. पुढून वाकून एक डोळा मिटून पाहा. दोन्ही कडा समांतर दिसल्या तर पीळ नाही. एका बाजूला काळी कड जास्त दिसली तर त्या बाजूचा पाय वर आहे.

पायांसाठी लाकडी पाचर ठोकू नका, ती ओली होते आणि बसते. पायाखाली एम-१० चा बोल्ट आणि नट बसवा. त्याचा आटा दीड मिलिमीटरचा असतो, म्हणजे पाव फेरा फिरवला की पाय चार कागदांइतका सरकतो. हे एकदा कळलं की अंदाजाने फिरवत बसावं लागत नाही. शेवटी लॉक नट कसा, कारण ब्लेडच्या थरथरीने साधा नट सैल होतो.

टेबलाऐवजी काय चालेल?

जागा नसेल तर बिजागऱ्यांवर दुमडणारं मागचं टेबल चांगलं, पण प्रत्येक वेळी उघडल्यावर पाइप ठेवून पाहा. रोलरचा स्टँड स्वस्त आणि हलका असतो. मात्र रोलर मालाच्या वाटेला काटकोनात नसेल तर तो शीटला फेन्सपासून ओढून नेतो, आणि एका स्टँडवर तोल राहत नाही. कमीत कमी दोन वापरा. हेल्परला मागे उभं करून शीट "धरायला" लावणं हा सर्वांत वाईट पर्याय. तो नकळत ओढतो किंवा उचलतो. हेल्पर असेलच तर त्याला स्पष्ट सांगा: खालून तळवा दे, खेचू नकोस.

पावसाळा, खारी हवा आणि आपला भाग

मागच्या टेबलाला एमडीएफ वापरली असेल तर तिची कड पाणी पिऊन फुगते आणि नेमकी जोडाजवळची कड वर येते. प्लाय घ्या, आणि सनमाइका वर लावलीत तर खालच्या बाजूलाही लावा. एका बाजूला लावलेली फळी दमट हवेत वाकते. कापलेल्या कडांना वॉर्निश किंवा रंगाचे दोन हात द्या.

२०१८ च्या जुलैत वसई-विरारमध्ये पाणी भरलं तेव्हा अनेकांच्या टेबलांचे लाकडी पाय दिवसेंदिवस पाण्यात राहिले. असे पाय वाळल्यावरही मूळ उंचीला येत नाहीत. लाकडी पायांखाली लोखंडी बूट किंवा निदान नायलॉनचे जाड तुकडे द्या.

बिडाच्या टेबलावर खाऱ्या हवेने गंज धरतो. मेणबत्तीचं मेण घासून कापडाने पुसून काढा, माल सरकतोही छान. सिलिकॉनचा स्प्रे मारू नका. तो लाकडाला लागतो आणि पुढे पॉलिश धरत नाही.

शेवटची चाचणी

ब्लेड टेबलाखाली उतरवा, पिन काढलेलीच असू द्या. पूर्ण शीट फेन्सला लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ढकला. कुठेही ठेच, उडी किंवा फेन्सपासून सुटणं जाणवलं तर परत मोजा. नंतर ब्लेड वर घ्या, ब्लेडमागची सुरी आणि वरचं झाकण बसवा, मगच पिन लावा.

नवी मशीन सदोष निघाली तर

मुख्य टेबलच पिळलेलं निघालं तर वर सांगितलेलं काही उपयोगी पडत नाही. म्हणून मशीन घेताना पाइप सोबत न्या आणि दुकानातच कर्णावर दोन्ही बाजूंनी ठेवून पाहा. जीएसटीचं बिल आणि वॉरंटी कार्ड घ्या.

"धंद्यासाठी घेतलं म्हणून तुम्ही ग्राहक नाही" असं कोणी सांगितलं तर लगेच मान्य करू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार स्वतःच्या स्वयंरोजगारासाठी, उपजीविकेसाठी वस्तू घेणारा ग्राहकच ठरतो.

- आधी विक्रेत्याला लेखी कळवा. फटीत घातलेले कागद दिसतील असे फोटो जोडा.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.
- तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.
- मुदत दोन वर्षांची. वाट पाहण्यात ती घालवू नका.

मशीनवर नोकरीला असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात तरतूद आहे की संरक्षक झाकण कामगाराने स्वतः मुद्दाम काढलं, तर मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व सोडून इतर इजांची भरपाई मालक नाकारू शकतो. म्हणून झाकण काढायला मालकाने सांगितलं, तर ते मेसेजवर लिहून मागा. आणि मालक असाल तर तसं सांगूच नका.

पुन्हा कधी तपासायचं?

वर्षातून दोनदा पुरे: मे अखेरीस, पाऊस लागण्याआधी, आणि पाऊस सरल्यावर. मशीन जागेवरून हलवली तर लगेच. तपासल्याची तारीख आणि तिन्ही रेषांचे आकडे टेबलाच्या खालच्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. दुसऱ्या तपासणीला वेगळी आठवण लागणार नाही. खंडेनवमीला हत्यारं पुसायला काढाल, तेव्हा मशीनला झेंडूचं तोरण बांधण्याआधी एकदा तंगूस ताणून पाहा.